चाळीस सेकंद

रात्री दोन पन्नासला
जिन्याखालच्या कपाटात कोणीतरी बोललं.
एकच अक्षर. बारीक.
मग चाळीस सेकंद काही नाही.
मग परत तेच अक्षर.

केटरिंगच्या या घरात येऊन मला अकरा महिने झाले.
घराबरोबर आलं होतं
एक गळकं ग्रीनहाऊस, सफरचंदाचं एक हट्टी झाड,
आणि ही पांढरी पेटी,
जिचा कोड प्रिचर्डबाईंनी पाकिटाच्या पाठीवर लिहून दिला होता.
चार आकडे, आणि खाली:
जपून, ती लवकर घाबरते.

पेटीच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत: बॅटरी लो.
वीज होती. फ्रिज घुमत होता.
म्हणजे आत्ता काही अडलेलं नव्हतं.
अडेल तेव्हा काय, एवढंच विचारत होती ती,
दर चाळीस सेकंदांनी,
अजिबात न वैतागता.

कराडला साडेआठ होत आले होते.
आप्पांनी तेहतीस वर्षं वीज मंडळाच्या खांबांवर काढली.
अजून फोन उचलला की
हॅलोच्या आधी विचारतात, "लाईट आहे ना?"

आहे, म्हटलं. पण हे ऐका.
फोन पेटीला लावला.
बीप.
"हां, लाव की," ते म्हणाले.
बीप.
"अगं, लाव की."
"आप्पा, वाजतंय."
पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.
तो मला आला.
"नेटवर्क नसेल," ते म्हणाले.
"नसेल," मी म्हणाले.

तरी पुढचं सगळं त्यांना न ऐकताच माहीत होतं.
शिशाची असणार, बारा व्होल्ट, अर्ध्या विटेएवढी.
बाजू फुगलेल्या असतील, हातमोजे घाल.
काढताना काळी आधी, लावताना लाल आधी,
आणि दोन्ही टोकं एकमेकांना भेटू देऊ नकोस,
वाटणीला बसलेले भाऊ असतात ते.

शनिवारी नवी आणली, एकोणीस पौंडांची.
रविवारी व्हॅक्यूम क्लीनरला टेकवून फोन उभा केला,
आप्पांना समोर बसवलं.
"हळू. चौथा स्क्रू शेवटी."
चौथा निघाला, झाकण उचललं,
आणि घर किंचाळलं.

आख्खी गल्ली हलली.
झाडावरचे पारवे उडाले, कुठलंसं कुत्रं सुरू झालं,
शेजारचा टेरेन्स दारात, हातात अर्धा टोस्ट,
ओठांवरून कळत होतं, विचारतोय: सगळं ठीक?

आणि फोनच्या चौकटीत आप्पा उजळले होते.
"आलं! आलं बघ!"
मान वळवून आत हाक मारली,
"अगं ये, हिचं वाजतंय, काय खणखणीत वाजतंय!"

कोड मला पाठ होता.
बोट पहिल्या आकड्यावर होतं.
थोडा वेळ ते तिथंच राहू दिलं.
टेरेन्सला वाटलं, हिला जमत नाहीये.

जुन्या बॅटरीच्या अंगावर पेनाने लिहिलेलं होतं:
मार्च २०१३, रॉय.
प्रिचर्डबाई नवऱ्याबद्दल कधी काही बोलल्या नव्हत्या.
नवीवर मी तारीख घातली, देवनागरी आकड्यांत,
आप्पा मीटरच्या पेट्यांच्या आत खडूने घालत तशी.
पुढे कोणाला वाचता येईल, न येईल.

रात्री कपाट गप्प.
मी चाळीस मोजले. परत चाळीस.
सकाळी बाजारला जातात आप्पा, दहाच्या सुमारास,
इथले साडेचार.
गजर लावून ठेवलाय.
आईला विचारायचंय,
टीव्हीचा आवाज हल्ली
कितव्या आकड्यावर असतो.